मदत हवी आहे: रोमानियातलं प्रायव्हेट इक्विटी आणि एफडीआयचा (थेट परकीय गुंतवणुकीचा) हिशोब

मंडळी, फायनान्सवाल्यांपैकी कोणीतरी समजावून सांगा प्लीज. एमबीएच्या प्रोजेक्टसाठी रोमानिया घेतलाय, आणि त्यात प्रोफी नावाच्या सुपरमार्केट चेनची केस. २००९ मध्ये एंटरप्राइज इन्व्हेस्टर्स या पोलंडच्या प्रायव्हेट इक्विटी फंडाने (म्हणजे कंपन्या विकत घेऊन, वाढवून पुढे विकणाऱ्या फंडाने) ती घेतली, मग २०१६ मध्ये ती मिड युरोपा या दुसऱ्या तशाच फंडाला विकायचं ५३.३ कोटी युरोचं डील झालं, आणि २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या आहोल्ड डेलेझ या सुपरमार्केट कंपनीने १३० कोटी युरोला घेतोय म्हणून जाहीर केलं. ते डील पूर्ण व्हायला २०२५ उजाडलं.

आता माझा घोळ असा की विकणारा पण परदेशी आणि घेणारा पण परदेशी, मग यातला एक तरी युरो रोमानियात आला का? एफडीआयच्या आकड्यात हे धरतात का नुसता मालक बदलला म्हणून सोडून देतात? मधल्या काळात गावोगावी दुकानं उघडली तो पैसा कुठे दिसतो, फंडाने ओतलेला, बँकेचं कर्ज, का कंपनीचा स्वतःचा नफा परत गुंतवलेला? मला तर खरी गुंतवणूक तीच वाटते, बाकी शेअर्सची अदलाबदल.

दुसरं म्हणजे दुकानाचा गल्ला लेऊमध्ये (रोमानियाचं चलन) आणि फंडाचा हिशोब युरोत, तर परतावा काढताना करन्सीची घसरण कुठे वजा करायची?

आणि ५३.३ चे १३० म्हणजे पैसे जवळपास अडीच पट झाले असं आमच्या ग्रुपमधला एकजण ठामपणे म्हणतोय, पण कर्ज धरल्याशिवाय असं कसं म्हणता येईल? कोणी अशा डीलवर काम केलं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे.