गाईची ‘आण्विक चाचणी’? नेमका मराठी शब्द सुचवा

भोगावतीकाठ
मंडळी, एका शब्दाशी अडले आहे आणि शुक्रवारी पत्रक छापायला द्यायचंय.

माझे मोठे काका करवीर तालुक्यात राहतात. दावणीला एक संकरित गाय आणि दोन म्हशी. गेल्या महिन्यात गाईच्या अंगावर गाठी उठल्या, पुढचा पाय सुजला. लम्पीचा संशय आला म्हणून खपली आणि रक्त तपासायला गेलं. अहवाल आला तो मराठीत, आणि त्यात ही ओळ : ‘आण्विक चाचणी : सकारात्मक’.

काकांना आण्विक चाचणी ठाऊक होती ती एकच, १९९८ ची पोखरणची. मला फोन आला, “अगं, गाईत अणूचं कायतरी निघालंय म्हणं. सकारात्मक म्हंजे बरं का वाईट? दूध डेरीला घालू का नको?” मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा चरवी घासून पालथी घातलेली होती आणि दोन वेळचं दूध उकिरड्यावर ओतलेलं होतं. म्हशींचंसुद्धा. वासराला गाईपासून लांब, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं होतं आणि ते हंबरून हंबरून दमलं होतं. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला काही हरकत नाही, हे सगळं त्याच अहवालाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. पण पुढच्या बाजूचा तो शब्द वाचल्यावर कागद उलटून बघण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

मला याचा खरंच राग आला आहे. आता तालुक्यातल्या पशुपालकांसाठी पत्रक मीच लिहिते आहे. ‘सकारात्मक’ काढून ‘विषाणू सापडला’ असं सरळ लिहिणार. ‘आण्विक’च्या जागी काय लिहू? रेणवीय, रेण्वीय, जनुकीय की नुसतं पीसीआर?

काचपट्टी
ताई, मी प्रयोगशाळेत काम करते. अहवालाला म्हणायचं होतं ‘मॉलेक्युलर टेस्ट’. तिथे हा शब्द कुठून आला ते सांगते. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलेक्यूल म्हणजे अणु. आपल्याकडे ॲटम म्हणजे अणू आणि मॉलेक्यूल म्हणजे रेणू. त्यांचा परमाणु बम, आपला अणुबॉम्ब. हिंदी मसुद्यातलं ‘आणविक’ कुणीतरी एक अक्षर बदलून तसंच मराठीत घेतलं की गोठ्यात पोखरण होतं. ‘पेशी’चंही असंच. मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. कर्करोगाच्या एका माहितीपत्रकात मी ‘कोशिका’ आणि ‘पेशी’ एकाच परिच्छेदात वाचलंय, दोन्ही सेलसाठीच.

या चाचणीत, म्हणजे पीसीआरमध्ये, काय करतो तेही सांगते, म्हणजे शब्द निवडायला सोपं जाईल. खपलीतला डीएनए वेगळा काढायचा. मग लम्पीच्या विषाणूतच असणारा एक ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करायचा : ९५ अंशांच्या आसपास तापवून दोन धागे सुटे करायचे, गार करायचे, ७२ ला नवे धागे विणून घ्यायचे. अशा ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर होतात. तुकडा नसेल तर काहीच वाढत नाही. म्हणजे शोध घेतो तो विषाणूच्या डीएनएचा. ‘जनुकीय चाचणी’ लिहू नका, लोकांना वाटेल गाईच्या रक्तातच, वंशातच दोष आहे.

मन्वंतर
अहवालातला शब्द चूक, यात दुमत नाही. पण पर्यायातही शुद्ध रूप हवे. रघूचा राघव, पांडूचा पांडव, वायूचे वायवीय. तद्धित प्रत्यय लागताना शेवटच्या उकाराचा ‘अव’ होतो. म्हणून रेणवीय. ‘रेण्वीय’ लिहिणारे मनु अधिक अंतर मन्वंतर हा संधीचा नियम इथे लावतात. तो दोन शब्द जोडतानाचा नियम आहे, प्रत्यय लावतानाचा नव्हे.

आणि मॉलेक्यूलला ‘रेणू’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वसूरींना मी हात जोडतो. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या मांडणीत दोन अणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात जो कण तरंगताना दिसतो, तो त्रसरेणू. अणू जुळून झालेला तो रेणू, हा अर्थ मराठीने नेमका उचलला. हिंदीच्या रेट्यात तो घालवू नये.

रंकाळ्यावर
सर, व्याकरण मान्य. पण पत्रक काकांसाठी आहे. २०२० नंतर आमच्या गल्लीतल्या आज्जीसुद्धा ‘आरटीपीसीआर केली का’ असं विचारत होत्या. एवढा रुजलेला शब्द सोडून ‘रेणवीय’ कशाला? दुकानाला दुकान म्हणताना आपण फारसी आठवत बसतो का? ‘आरटीपीसीआर’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

काचपट्टी
आरटी नको हो, नुसतं पीसीआर. करोनाचा विषाणू आरएनएचा, म्हणून आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागायचा. ‘आरटी’ ती पायरी. लम्पीचा विषाणू मुळातच डीएनएचा, साधारण दीड लाख अक्षरांचा. तिथे ती पायरीच नाही.

मन्वंतर
रुजले ते संक्षेपाक्षर, अर्थ नव्हे. त्या आज्जींना पीसीआर म्हणजे ‘नाकात काडी घालणे’ एवढेच ठाऊक. गाईच्या खपलीच्या अहवालावर पीसीआर पाहून त्यांना काय कळणार? शब्दातून अर्थ उमगला पाहिजे, हीच तर मातृभाषेची सोय. आणि विशेषण अवघड वाटत असेल तर समास करा. शालेय पुस्तकात रेणुसूत्र आहे, रेणुवस्तुमान आहे. तसे ‘रेणुचाचणी’ म्हणा. पाच अक्षरांत काम होते.

भोगावतीकाठ
‘रेणुचाचणी’ मला आवडलं सर, उच्चारायलाही मऊ आहे. मात्र काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “रेणूची चाचणी? कोण रेणू?” आमच्या आत्याच्या सुनेचं नाव रेणू आहे. त्यामुळे अजून ठरत नाहीये.

ऊसकरी
ताई, तुमच्या काकांचं दुःख मला कळतंय, कारण असाच धक्का आम्ही खाल्लाय. गेल्या वर्षी, २०२५ च्या मेमध्ये बातमी आली की ‘जनुक संपादन’ केलेले भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले. एक ‘कमला’, सांबा महसूरीवरून काढलेला, दुसरा ‘पुसा डीएसटी राइस १’. आमच्या पारावर पेपर वाचणारा मोठ्यानं वाचत होता. ‘संपादन’ शब्द आला आणि चारजण उठून उभे राहिले. आमच्याकडं संपादन म्हणजे भूसंपादन. शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध मोर्चे काढून आमच्या टाचा झिजल्यात. लोकांनी सरळ विचारलं, “आता बियाण्याचं पण संपादन करणार का सरकार? मोबदला किती?”

मी समजावून सांगितलं की हे पेपरच्या संपादकासारखं संपादन आहे. मजकूर त्याचाच, मधलं एखादं अक्षर खोडायचं किंवा बदलायचं. तेव्हा बसले. पण मला सांगा, एकच शब्द ‘मिळवणे’ आणि ‘सुधारणे’ या दोन्हीला कसा? विजय संपादन केला, जमीन संपादन केली, दिवाळी अंक संपादन केला, आणि आता जनुक. शेतकऱ्यासाठी ‘जनुक दुरुस्ती’ का नको? सातबाऱ्यावरची दुरुस्ती आम्हाला बरोब्बर कळते.

काचपट्टी
‘दुरुस्ती’ सुंदर आहे, पण दुरुस्ती म्हणजे आधी बिघाड होता असं होतं. सांबा महसूरीत बिघाड नव्हता. औषधोपचारात मात्र तुमचा शब्द चपखल बसेल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला उपचार क्रिस्पर या जनुक संपादनाच्याच तंत्राचा आहे.

तुम्ही ऊसकरी, म्हणून उसाचंही सांगते. २०२४ मध्ये उसाच्या ‘आर ५७०’ या वाणाचा जनुकसंच, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, प्रसिद्ध झाला. उसात शंभराच्या वर गुणसूत्रं, दोन जातींची मिसळ, म्हणून हे काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. तपकिरी तांबेरा हा रोग रोखणारी जनुकंही त्यात नेमकी हाताला लागली.

सिस्टर_सीपीआर
काचपट्टी ताई, सिकलसेलबद्दल थोडं. तिथं जे करतात त्याला ‘दुरुस्ती’ म्हणू नये असं मला वाटतं. बिघडलेलं जनुक आहे तसंच राहतं. गर्भात असताना जे हिमोग्लोबिन तयार होत होतं, त्याला जन्मानंतर लागलेला लगाम फक्त सैल करतात. रुग्णाच्या आईनं विचारलं, “म्हणजे ह्याच्या पोराला होणार नाही ना?” तर उत्तर ‘होऊ शकतं’ असंच आहे, कारण बदल केला तो रक्त तयार करणाऱ्या पेशींत. ‘दुरुस्त झालं’ म्हटलं की ती आई निर्धास्त होईल. एका शब्दापायी तिची फसवणूक व्हायला नको.

ऊसकरी
हे मला माहीत नव्हतं सिस्टर. मग ‘दुरुस्ती’ भातापुरती पण मागे घेतो. पण ‘संपादन’ मला अजून पटलेलं नाही.

गुरांचा_दवाखाना
शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा असं फिरून पस्तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे वरून खाली शब्द सोडताय. गोठ्यातले शब्द एकदा बघा. लाळ्या-खुरकूत : तोंडातून लाळ, खुरांत जखमा, नावातच निदान. तिवा : तीन दिवस जनावर लंगडतं, ताप असतो, मग उठतं. घटसर्प : घसा सुजून घरघर. फऱ्या : फऱ्यावर सूज, दाबली की आत चरचर वाजते. बुळकांडी तर जगातून गेली, २०११ साली तसं जाहीर झालं, पण म्हाताऱ्या माणसापुढं आजही ते नाव काढलं की तो गप्प होतो. हे शब्द कुठल्या समितीनं केले नाहीत. ज्यानं रात्रभर कंदील धरून जनावर राखलं त्यानं केले.

आणि लम्पीला ‘चर्मरोग’ म्हणतात हेच मला मुळात खटकतं. हा विषाणू मेंढ्यांच्या आणि शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद आहे. २०२२ च्या साथीत गाईंना आपण टोचली ती शेळ्यांच्या देवीचीच लस. धनगर विचारायचे, “आमच्या शेरडाचं औषध गाईला कसं चालतंय?” मी म्हणायचो, घराणं एकच आहे. लगेच पटायचं. ‘गाठीदेवी’ म्हटलं असतं तर लस का टोचायची हे शब्दानंच सांगितलं असतं.

‘लस’ हा शब्दही बघा. जखमेतून पाझरते ती लस, तीच पूर्वी एकाच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात टोचायचे. देवी काढणे म्हणायचे त्याला. आणि ‘व्हायरस’चा लॅटिनमधला अर्थही विष, चिकट पाझर. जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं १७९६ मध्ये गाईच्या देवीवरून सुरुवात केली आणि गाईच्या लॅटिन नावावरून ‘व्हॅक्सिन’ झालं. आता गाईचीच लस गाईला मराठीत समजावून सांगताना आपण अडखळतोय.

सिस्टर_सीपीआर
डॉक्टर, आदर ठेवून सांगते, ‘देवी’ शब्द परत आणू नका. माझ्या आज्जीचा धाकटा भाऊ देवीत गेला. घरात लिंबाचा पाला बांधला, आंघोळ बंद, नैवेद्य सुरू, आणि टोचायला आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवलं, आई कोपेल म्हणून. आजाराला देवीचं नाव असलं की लस टोचणं हा अपमान वाटतो.

गुरांचा_दवाखाना
सिस्टर, तुमच्या घरचं दुःख मोठं आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण मेंढरांच्या देवीची लस धनगर स्वतः मागून घेतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शब्द तोच, माणसं शिकली.

आंबील_यात्रा
रेणू आणि देवी, दोन्ही इथं आले म्हणून लिहितो. आमची आई दर मार्गशीर्षात सौंदत्तीला जायची, परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील-घुगऱ्या. तिनं सांगितलेली गोष्ट अशी की रेणुका रोज नदीच्या ओल्या वाळूचा घडा घडवायची आणि त्यात पाणी आणायची. वाळूचे सुटे कण तिच्या हातात एकत्र राहायचे. म्हणून रेणू, म्हणून रेणुका. सुटे कण धरून ठेवणं म्हणजेच मॉलेक्यूल की. ताईंच्या काकांना हे सांगितलं तर ‘रेणुचाचणी’ एका दमात कळेल.

मन्वंतर
कथा हृद्य आहे, पण व्युत्पत्ती उलटी लावू नये. रेणुका ही रेणू राजाची कन्या असेही सांगतात. नाव आधी आणि घड्याची कथा मागाहून जोडलेली असू शकते.

आंबील_यात्रा
असू दे सर. आईनं सांगितली ती मी सांगितली.

भोगावतीकाठ
सगळ्यांचे आभार. काल धार काढायच्या वेळी काकांच्या शेजारी बसून एकेक शब्द वाचला. गाय आता बरी आहे, गाठींच्या जागी केस परत येतायत, वासरू पुन्हा तिच्याजवळ बांधलंय. ‘रेणवीय’ ऐकून ते काहीच बोलले नाहीत. ‘पीसीआर’ला म्हणाले, “ते माणसाचं.” मग मी चाचणीत काय करतात ते काचपट्टी ताईंच्या शब्दांत सांगितलं. ऐकून घेतलं, आचळाला तूप लावता लावता म्हणाले, “म्हंजे रोगाचं बी हाय का बघत्यात. असंच लिव्ह की.”

तर ‘रोगाचे बी तपासणी’, आणि खाली बारीक अक्षरांत रेणुचाचणी, पीसीआर. चालेल?

मन्वंतर
‘बी’ने विषाणू आणि जिवाणू यांतला भेद पुसला जातो. प्रतिजैविक कशावर चालते आणि कशावर नाही, हे लोकांना त्या भेदावरूनच कळायचे आहे. माझी हरकत नोंदवून ठेवा.

रंकाळ्यावर
माझी नाही. काकांचा शब्द छापा.

ऊसकरी
गाईचं ठीक आहे, पण आमच्या उसाच्या गवताळ वाढीची तपासणीही पीसीआरनंच होते. तो रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा, विषाणूचा नाही, आणि तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढवून बघता येत नाही. रोग पसरतो बेण्यातून. आम्ही बी लावतच नाही, बेणं लावतो. तिथं ‘बी तपासणी’ लिहिलं तर शेतकरी बेणंच तपासलं समजून तेच लावून मोकळा होईल. उसाच्या पत्रकात काय लिहायचं?