वास्को, सडा, चिखली, दाबोळी: मुलांना घेऊन बंदराशेजारी राहायला आलेल्यांनो, अनुभव लिहा

मे महिन्यात आम्ही सांगलीहून वास्कोला येतोय. यांची बदली. मुलगी आठवीत जाईल, मुलगा तिसरीत. घरात ठराव झालाय की खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. माझा ठराव वेगळा आहे: शाळा जवळ पाहिजे. पर्यटकांचा गोवा नको, त्यावर ढीगभर लिहिलेलं आहे. मुरगाव बंदराच्या आसपास संसार थाटलेल्यांनी भाडं, पाणी, शाळा, शेजार यांवर काहीही लिहा. गोडगोडच लिहा असं नाही.

पुण्याहून चिखलीला आलेली

ताई, पहिलं म्हणजे मे महिना विसरा. 2025 पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. थोडे दिवस शाळा, मग मेची सुट्टी, मग जूनमध्ये पुन्हा शाळा. धाकट्याचं जूनमध्ये चालेल, पण मुलीच्या प्रवेशाचं मार्चमध्येच बघा. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला मूळ प्रतीसह हाताशी ठेवा, पोस्टावर विसंबू नका.

दुसरं, इथल्या बऱ्याच शाळा सकाळी आठच्या आसपास भरतात आणि दुपारी सव्वाच्या सुमाराला सुटतात. पुण्यात मुलं संध्याकाळी यायची, मी निवांत नोकरी करायची. इथे दीड वाजता दोघं दारात, भुकेली. दुकानंही एक ते चार बंद. मग मी दुपारची कामं सकाळी उरकायला शिकले आणि घरापासून चालत जाता येईल अशी शाळा पकडली. शाळा आधी ठरवली, भाड्याचं घर नंतर शोधलं. दलाल उलटं करायला लावतात. "आधी व्ह्यू बघा, मॅडम" म्हणतात. बघावा, काही हरकत नाही.

चिखली ग्रामपंचायतीत येते, वास्को मुरगाव नगरपालिकेत. घरपट्टी, कचरा, दाखले यांची कचेरी वेगळी, त्यामुळे करार करताना घर कुठल्या हद्दीत आहे ते विचारून घ्या. करार अकरा महिन्यांचा होतो आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी करावी लागते. मालकाने सांगितलं नाही तरी तुम्हीच आठवण करा.

चिखलीची खाडी मात्र बघण्यासारखी. जुन्या पोर्तुगीज घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात ना, तो शिंपला या खाडीत सापडतो. ओहोटीला बायका चिखलात उतरून शिंपल्या गोळा करतात. माझ्या मुलीने त्यावरच शाळेचा प्रकल्प केला.

सड्यावरची

मी हेडलँड सड्याला आहे. खाली बंदर, वर आम्ही. पावसाळा सरला की संध्याकाळी जपानी बागेतून जहाजं नांगरून उभी दिसतात, पाहुणे बघतच राहतात. पाहुण्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे काळी धूळ. बंदरात कोळसा उतरतो आणि वॅगन भरून घाटापलीकडे जातो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की खाली शहरातही धूळ जाते. बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरवा आणि बोट बघा, घर घ्यायचं की नाही ते लगेच कळेल. पांढरा गणवेश मी बाहेर वाळत घालत नाही. मुलाला दम्याचा त्रास असेल तर खोटं कशाला सांगू, दाबोळी किंवा चिखलीकडेच बघा. कोळशावरून आंदोलनं झाली, सुनावण्या झाल्या, दर निवडणुकीत बोलणं होतं.

आणि पावसाळ्याचं. चामड्याचे बूट नकोत. कपाटात ठेवलेल्या शाळेच्या बुटांवर पांढरी बुरशी, बिजागऱ्यांना गंज. गणवेश पंख्याखाली वाळवायचे, तरी कोंदट वास जात नाही. गणवेशाचे चार जोड घ्या, दोनवर भागवू नका.

माध्यमिक शाळेत शिकवते, शाळेचं नाव सांगणार नाही

भाषेचं कोणीच लिहिलं नाही. गोव्यात 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा आहे, मराठीचाही सरकारी कामात वापर चालतो. प्राथमिकला मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशी तिन्ही माध्यमं आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांत पटसंख्या घटते आहे, तेव्हा धाकट्यासाठी मराठी शाळा हवी असेल तर ती चालू आहे का आणि वर्गात मुलं किती, हे स्वतः जाऊन बघा. मोठीने सांगलीत सेमी इंग्रजी केलं असेल तर इथल्या इंग्रजी माध्यमात गणित-विज्ञान जमेल. तिसरी भाषा म्हणून मराठी घेता येते, पण त्या शाळेत मराठीची बाई आहे का ते विचारा. कागदावर विषय असतो, बाई नसते.

गोवा बोर्ड, सीबीएसई, की केंद्रीय विद्यालय, हा वाद घरोघरी आहे. तुमच्या यांची नोकरी केंद्र सरकारची, बदलीची असेल तर केंद्रीय विद्यालयात प्रवेशाला प्राधान्य मिळतं. बाकी मुलगी इथेच बारावी करणार असेल तर पुढचं आताच डोक्यात घ्या. सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. वैद्यकीयसारख्या प्रवेशांना रहिवासाच्या अटी आहेत. आठवीतल्या मुलीचे आईबाप हे माझ्याकडे बारावीत विचारायला येतात.

अनुदानित शाळांना सरकारी बालरथ बस असते, तिचा मार्ग विचारून घ्या. बस येते तो थांबा चढाच्या खाली असतो आणि घर वर. वास्कोचे चढ उतारवयातच काय, आठवीतही जाणवतात!

लहानपण दाबोळीत गेलं

बाबा नौदलात होते. आयएनएस हंसा या नौदल तळाची धावपट्टी आणि प्रवाशांच्या विमानतळाची धावपट्टी एकच. कामाच्या दिवशी सकाळी लढाऊ विमानांचा सराव. आमचे सर वाक्य अर्धं सोडून छताकडे बघत थांबायचे, विमान गेलं की तिथूनच पुढे चालू. वर्गातल्या कोणालाच ते वेगळं वाटायचं नाही. तान्हं बाळ असेल तर धावपट्टीच्या रेषेतलं घर नको. बाकी बोगमाळोच्या वाटेवरचं नौदल विमान संग्रहालय आणि बायण्याचं रवींद्र भवन, आमचं बालपण तिथेच गेलं. नाटकं तिथेच बघितली.

पर्वरीला परत गेलेला

विरोधी मत मांडतो. माझं ऑफिस पणजीत, बायकोचं वास्कोत. मुलाच्या शाळेसाठी वास्कोला घर केलं आणि रोज तीसेक किलोमीटर गाडी हाकली. तेव्हा झुआरीच्या जुन्या पुलावर कुठ्ठाळीला लांबच्या लांब रांग. नव्या पुलाची एक बाजू 2022 च्या डिसेंबरला खुली झाली, दुसरी वर्षभराने. आता खूपच सुसह्य आहे, कदंबची (गोव्याची एसटी) बससेवाही आहे. तरी आईबापांपैकी दोघंही बंदराच्या भागात कामाला असतील तरच इथे राहा असं मी म्हणेन. शाळा जवळ आणि बाप लांब, हे मुलाला पटत नाही. आम्ही पणजीजवळची पर्वरी गाठली, पस्तावलो नाही.

मूळचो वास्कोचो

मराठीत लिहितों, चूक पोटांत घाला. बाहेरून आलेले सगळे पाणी आणि कोळसा म्हणतात, बरोबर आहे. पाणी साळावलीच्या धरणाचं, नळाला दाब कमी, म्हणून टाकी बघून घर घ्या. पण श्रावणातला सप्ताह बघितल्याशिवाय वास्को कळत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या देवळांत नारळ ठेवतात, चोवीस तास भजन. रात्री एकेका समाजाचे पार, म्हणजे मिरवणुका, वाजतगाजत येतात, स्वतंत्र पथ या रस्त्यावर फेरी, म्हणजे जत्रेची दुकानं, लागते ती पुढे कितीतरी दिवस. गाडी नेणं विसरा, मुलांना खांद्यावर घ्या. शेजाऱ्याशी ओळख तिथेच होते, सोसायटीच्या सभेत होत नाही. आणि पोदेराला (पाववाल्याला) आधी दिवशी सांगून ठेवा बाय, नाहीतर उंडे (गोल पाव) संपतात.

जून-जुलै मासेमारी बंद, खारीवाड्याची जेटी ओस. तेव्हा बाजारात ताजं म्हणून विकतात त्याला विचारा कुठून आलं!

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मुलीचं एप्रिलचं बघते, बोट फिरवून कठडाही बघते. घर बघायला आम्ही पुढच्या शनिवारी येतोय. गाडीने आंबोलीचा घाट नको म्हणून विचारते, रेल्वे सोयीची आहे का?

सड्यावरची

सोयीची म्हणजे काय, मिरजेला गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचं. गाडी दूधसागरावरूनच येते, शेवटचं स्टेशन वास्को. तिथून चिखली जवळच, दाबोळीही. शनिवारी यायचं तर शाळांची कार्यालयं अर्धा दिवसच चालू असतात, शुक्रवारीच या. उतरलात की फोन करा, मी घ्यायला येते.