खंदकातला गाळ काढावा की राहू द्यावा?

मूळ मत
खंदक म्हटला की आपल्याला भुईकोट किल्ला आठवतो. परंतु इंग्लंडच्या शेतशिवारात विखुरलेले सुमारे ६,००० मध्ययुगीन खंदक प्रामुख्याने लढाईसाठी नव्हते. त्यांतील बहुतेक १२५० ते १३५० या काळात जमीनदारांनी आपल्या वाड्याभोवती खणले. त्यामागे प्रतिष्ठा होती, चोराचिलटांपासून बचाव होता आणि ताज्या मासळीची सोयही होती. आज केंटमधील आयटम मोटसारखे मोजके वाडे पाण्यात उभे आहेत. अन्यत्र गवतात एक चौकोनी खोलगट रेघ तेवढी उरली आहे. प्राचीन वास्तूंविषयीच्या १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित ठरलेल्या अशा जागेतला गाळ उपसायचा, तरी शासनाची लेखी परवानगी लागते. माझ्या मते ही अट खंदकालाच मारक आहे, कारण पाण्यावाचून तो नुसता चर ठरतो.

प्रतिसाद १
असहमत. आपण ज्याला गाळ म्हणता, तेच त्या जागेचे दफ्तर आहे. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून पुलाची लाकडे, चामड्याचे जोडे, बिया आणि परागकण शतकानुशतके टिकतात. यंत्राने एका दुपारी उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही.

मूळ लेखक
मुद्दा मान्य, पण त्या काळचे मालकही खंदक वेळोवेळी उपसत असत. त्यामुळे कित्येक ठिकाणी आपण जपतो आहोत तो अलीकडच्या पानगळीचा कुजलेला पाला असेल, आणि त्यापायी काठावरची झाडे आपली मुळे खाली घुसवत राहतील.

प्रतिसाद २
‘असेल’ या शब्दावर यंत्र लावता येत नाही, हीच तर अडचण आहे. आधी नळीने गाळाचा उभा नमुना काढून थर पाहावेत आणि वरचा पाला अलीकडचा ठरला, तर तेवढाच काढण्याची परवानगी मागावी. परवानगी लागते म्हणजे बंदी आहे, असे नव्हे. शिवाय तळाशी चिकणमातीचा थर असेल आणि हौसेने खोल खणताना तो फुटला, तर उरलेसुरले पाणीही जिरून जाईल.

प्रतिसाद ३
दोघेही पाण्यावरच अडला आहात. काही खंदक मुळातच कोरडे राहत असत. तिथे पाणी भरणे हा जीर्णोद्धार नसून नवे बांधकाम ठरेल.

मूळ लेखक
नमुना आधी, उपसा नंतर, हे मला मान्य आहे. मात्र त्या तपासणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये, या मतावर मी ठाम आहे.