'किरायदार', 'भाडेकरू' अन् कागदावरचा 'लायसन्सी', फरक काय?

किरायदार_सिडको: घरमालकानं नवीन अॅग्रीमेंटचा ड्राफ्ट पाठवलाय, त्यात माझ्या नावापुढं 'लायसन्सी' लिहिलंय अन् मराठी कॉपीत चक्क 'अनुज्ञप्तीधारक'. आपण तर सरळ किरायानं राहायलोत म्हणतो, मग हे कुठून आलं? नुसतं कागदी मराठी आहे का काही घोळ आहे?

जुना_औरंगपुरेकर: किराया हा आपल्याकडं उर्दूतून आलेला शब्द, भाडं म्हणा का किराया म्हणा अर्थ तोच, म्हातारी माणसं अजून किरायानामाच म्हणतात. फक्त घराच्या बाबतीत 'कूळ' म्हणू नका, कूळ शेतातलं, त्याला आपल्या मराठवाड्यात 1950 चा हैदराबादचा कूळकायदा. घरांसाठी 1954 चा हैदराबादचाच वेगळा कायदा होता, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला तेव्हा गेला. लायसन्सीचं मला नाय माहीत.

काळाकोट: घोळ आहे अन् मोठा आहे. बोलताना दोघंही किरायदारच, पण भाडेकरूला घराच्या ताब्यात हक्क मिळतो, लायसन्सीला नुसती राहायची परवानगी. भाडेकरूला काढायचं तर मालकाला कोर्टात कारण दाखवावं लागतं, म्हणजे त्याला स्वतःलाच खरी गरज आहे, तुम्ही पोटभाडेकरू ठेवला, घर सहा महिने बिनकारण बंद ठेवलं असलं काहीतरी. भाडं थकलं तरी आधी नोटीस अन् 90 दिवस. लायसन्सीची मुदत संपली की कारण-बिरण काही नाही, मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं जातो, अन् तुम्ही हटून बसलात तर त्या दिवसांचे दुप्पट पैसे लागतात (भाडे नियंत्रण कायदा, कलम 24). त्यातच लिहिलंय की लेखी लायसन्स करारात जे मांडलं तोच पक्का पुरावा, म्हणजे सही करून मागून 'मी तर भाडेकरूच होतो' म्हणायची सोय नाही.

किरायदार_सिडको: बाप रे. पण मालक तर म्हणायलाय 11 महिन्यांचं आहे, बाँडवर लिहून नोटरी करू, रजिस्ट्रीचा खर्च कशाला.

काळाकोट: नोटरी म्हणजे रजिस्ट्री नाही हो. 11 महिन्यांची टूम आली ती 1908 च्या नोंदणी कायद्यामुळं, त्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून लोक एक महिना कमी लिहितात. आपल्या राज्यात ती पळवाट चालत नाही, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं भाडं असो का लायसन्स, करार लेखी अन् रजिस्टर पाहिजेच, कितीही महिन्यांचा असला तरी. अन् ती जबाबदारी मालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड, वर वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं मालकानं. एवढं त्याला समजून सांगा, खर्चाचं बोलणं बंद होईल बघा.

गोदाकाठ: आमच्याकडं मालकानं बोअरचं पाणीच बंद केलं होतं, दोन घागरी शेजारून आणायच्या, वर म्हणे किरायदाराला काय हक्क.

काळाकोट: त्याच कायद्याचं कलम 29, पाणी-लाईट तोडता येत नाही. अन् भाडं दिल्याची पावती मागायची, ती द्यायचं मालकावर बंधन आहे. फोन-पे केलं तरी मेसेजमध्ये महिना लिहीत जा.

किरायदार_सिडको: ड्राफ्ट परत पाठवलाय, म्हणलं रजिस्टर करा अन् तीन वर्षांची मुदत टाका, मग लायसन्सी लिहा नाहीतर अनुज्ञप्तीधारक लिहा.