मुंबईच्या गोद्यांचा जुना नकाशा बसवायला मदत हवी आहे

बडोद्यातल्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवतोय. किनारारेषेवरचे बिंदू जुळणीसाठी धरले की सगळं सरकतं, कारण तिथे भराव पडत गेला. प्रिन्सेस (१८८०) आणि व्हिक्टोरिया (१८८८) या गोद्याही बुजवल्यात. दक्षिणेला ससून डॉकचे (१८७५) दगडी कोपरे आणि उत्तरेला शिवडीचा किल्ला नीट जुळतात, पण मधला पट्टा लोंबकळतो.

‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही नकाशा जागोजागी ताणून बसवायची पद्धत नको. ती प्रत्येक बिंदूतून नेमकी जाते, त्यामुळे चूक शून्य दिसते आणि नकाशा मध्येच चुरगळतो. पहिल्या घाताचं बहुपदी रूपांतरच (सगळा नकाशा एकसारखा सरकवणं, फिरवणं, ताणणं) ठेवायचंय.

माझगाव ते दारूखाना या टप्प्यात न हललेल्या चार-पाच खुणा कोणी सांगेल का? रेल्वेपूल, देवळं, दगडी गोदामं, काहीही चालेल. स्कॅन ६०० डीपीआय आहे, कागदाच्या घड्या मात्र आहेतच.