सगळ्यांना एकच लॉगिन नको
एफटीपीसाठी, म्हणजे सर्व्हरवर फाइलींची देवाणघेवाण करायला, ‘ऑफिसभर एकच खातं ठेवा’ असा सल्ला दिला जातो; तो मला अजिबात पटत नाही. नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या डीटीपीच्या ऑफिसात प्रत्येकाचं खातं वेगळं आहे; कुणी नोकरी सोडली की तेवढं त्याचंच खातं बंद होतं, बाकीच्यांचे पासवर्ड तसेच राहतात. परवानग्या माणसाला नाही, ग्रुपला द्या: डिझाइन, छपाई, हिशेब.

व्हीएसएफटीपीडी (लिनक्सवरचा एफटीपी सर्व्हर) वापरत असाल तर खरी गोम पुढे आहे. फोल्डरला 2775 ही परवानगी दिली की नवी फाइल फोल्डरच्याच ग्रुपची होते. पण लोकल युमास्क (नव्या फाइलीच्या कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या ते ठरवणारं सेटिंग) मुळात 077 असतो, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्यालाही ती उघडत नाही. तो 002 करा. आणि माणसाला ग्रुपमध्ये घालताना यूजरमॉड या कमांडमध्ये मोठ्या ‘जी’सोबत छोटा ‘ए’ लावाच (-aG), नाहीतर माणूस आधीच्या जादा ग्रुपांतून बाहेर फेकला जातो.

बाहेरच्या ग्राहकांना एसएफटीपीच (सगळं सांकेतिक करून पाठवणारी पद्धत) द्या. साध्या एफटीपीत पासवर्ड नेटवर्कवरून उघडा, म्हणजे वाचता येईल असा जातो.