मदत हवी आहे: मरिनर्सच्या भरवशावर आईबाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं काढू का?

पावसाळी_बॉथेल:

नमस्कार मंडळी. प्रश्न विमानाच्या तिकिटाचा आहे, पण उत्तर बेसबॉल कळणाऱ्यांकडूनच हवंय. म्हणून प्रवास विभागात न टाकता इथे टाकतोय.

आईबाबा एप्रिलअखेर नाशिकहून आमच्याकडे सिएटलजवळ बॉथेलला येताहेत. आईचं म्हणणं, ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, त्याआधी घरी पोचायचं. यंदा अधिक महिना असल्याने सगळे सण लांबलेत. गणपती इथे बसवायला ती कशीबशी तयार झाली, पण घट म्हणजे घट. बाबा म्हणतात, सहा महिने राहू देताहेत ना, मग ऑक्टोबर पुरा करूनच जाऊ. कारण एकच, सिएटल मरिनर्स, आमचा इथला बेसबॉल संघ.

बाबा जन्मभर क्रिकेटवाले. गेल्या ऑक्टोबरात मीच त्यांना डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक पाचवा सामना बघायला बसवलं. भारतात शनिवार पहाटे साडेपाचला सुरू झाला, नेहमीच्या ९ ऐवजी १५ इनिंग चालला, पोलांकोच्या फटक्यावर ३-२ ने जिंकलो. साडेदहा वाजले तरी बाबांची अंघोळ झाली नव्हती. तेव्हापासून ते कामातून गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या फेरीत टोरांटोत जाऊन पहिले दोन सामने जिंकलो, पाचव्यात आपल्या सुआरेझचा ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा), सात सामन्यांच्या मालिकेत ३-२ ने पुढे. वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे अंतिम फेरीसाठी, एक विजय हवा होता. २० ऑक्टोबरला, इथे घरोघरी लक्ष्मीपूजन चालू असताना, सातव्या सामन्यात सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे होतो. आपला पिचर (गोलंदाज) वू याने त्यांचे दोन जण बेसवर येऊ दिले, त्याच्या जागी बझार्डोला आणलं आणि त्यांच्या स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा) ठोकला. ४-३ ने हरलो. बाबांचा लगेच फोन: "तो मुन्योस काय लोणचं घालायला ठेवला होता का?" मुन्योस म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखलेला आपला भरवशाचा पिचर. मला आजही यावर उत्तर सापडलेलं नाही.

१९७७ पासून खेळतोय हा संघ. मोठ्या लीगमधल्या तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला हा एकटाच. जिंकणं सोडा, खेळलेलाही नाही.

आता मुद्दा. आपला बॅटर नेलर नव्या करारावर पाच वर्षांसाठी राहिला, याचा आनंद आहे. वजनदार गडी, पळायला मंद, तरी आपल्याकडे आल्यापासून १९ बेस चोरले (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला)! पण पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, सुआरेझ सिनसिनाटीला. सेंट लुइसकडून ब्रेंडन डोनोव्हन आला, तो माणूस चांगला आहे, पण सुआरेझसारखे उंच फटके त्याच्याकडे नाहीत. संघ गेल्या वर्षीपेक्षा बरा झाला की उतरला? आपल्या कॅचरकडून (म्हणजे यष्टिरक्षक), कॅल रॅलीकडून, गेल्या वर्षीसारखी पुन्हा ६० होमरनची अपेक्षा ठेवणं वेडेपणा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑक्टोबरच्या मध्यावर हा संघ खेळत असेल यावर तुम्ही स्वतःचे पैसे लावाल का? तारीख बदलता येणारं तिकीट बरंच महाग आहे. महिनाअखेरपर्यंत ठरवायचंय.

आकडेमोड:

टक्केवारी मागू नका, मार्चमधली टक्केवारी जूनपर्यंत टिकत नाही. पण वाट समजून घ्या. नियमित मोसम २७ सप्टेंबरला संपतो, मग बाद फेऱ्या, म्हणजे पोस्टसीझन. लीगमधल्या पहिल्या दोन विभागविजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. गेल्या वर्षी ९० विजय मिळवून आपण तेच केलं. वाइल्ड कार्डने (विभाग न जिंकता, चांगल्या कामगिरीवर मिळणारी जागा) गेलात तर तीन सामन्यांत दोन हरले की घरी, तेही ऑक्टोबर उजाडतो न उजाडतो तोच. म्हणजे तुमच्या तिकिटाचा खरा प्रश्न एवढाच: विभाग जिंकणार का? मला वाटतं, हो. आपल्या विभागातल्या ह्यूस्टनला गेल्या वर्षी पोस्टसीझनच गाठता आला नाही आणि ते एकदम तगडे झालेत असं दिसत नाही.

रॅलीबद्दल. कॅचरने एका मोसमात ६० मारणं आधी कोणी केलं नव्हतं, त्याआधीचा विक्रम ४८ चा होता. ६० किंवा जास्त मारून पुढच्याच वर्षी परत ६० मारणारे फक्त मॅग्वायर आणि सोसा, आणि त्या काळाबद्दल आपण न बोललेलं बरं. रूथ ६० वरून ५४ वर आला, मॅरिस ६१ वरून ३३ वर. रॅलीने ४० मारले तरी कॅचर म्हणून तो सोनं आहे. नाक मुरडू नका.

माझी काळजी फलंदाजीची नाहीच. पिचर किर्बी, गिल्बर्ट, मिलर तिघेही गेल्या वर्षी कधी ना कधी दुखापतीने बाहेर होते, आणि वू ऐन सप्टेंबरात छातीचा स्नायू दुखावून बसला. हे चौघे आणि कास्टियो एकाच वेळी धडधाकट राहिले, तर या संघाला सात सामन्यांत हरवणं कोणालाही जड जाईल. दोघे पडले, तर विभागही हातचा जाईल. बाबांना सांगा, धावफलक नंतर बघा, आधी जखमींची यादी बघा.

यंदा आणखी एक गंमत आहे. चेंडू बॅटरसमोरच्या चौकटीत होता (स्ट्राइक) की बाहेर (बॉल), या पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येणार, डीआरएससारखंच. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. मात्र ड्रेसिंग रूमकडे बघायचं नाही. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकीच कोणीतरी डोक्यावर टपली मारून लगेच मागायचं. रॅली ग्लोव्ह अलगद आत ओढून बॉलचे स्ट्राइक करण्यात पटाईत आहे. काही जण म्हणतात ती कला आता वाया जाणार. मला उलट वाटतं. ज्याला त्या चौकटीची इंच न् इंच जाण आहे, त्यानेच आव्हान द्यायचं असेल तर फायदा आपलाच. बाबांना हा भाग पहिल्या दिवशी कळेल.

जुना_किंगडोम:

१९९५ साली मी इथे विद्यार्थी होतो. पोस्टसीझनमध्ये आपल्या एडगरचा तो डबल (दोन बेसचा फटका), ग्रिफी पहिल्या बेसवरून सुटला तो थेट घरी, न्यूयॉर्कचे यँकीज गारद. तो संघ तसा खेळला नसता, तर सिएटलमध्ये आज बेसबॉल असतं की नाही शंका आहे. नंतर २००१. ११६ विजय! आणि यँकीजनी पाच सामन्यांत गुंडाळलं. त्यानंतर २०२२ पर्यंत पोस्टसीझनचं नाव नाही. माझा मुलगा त्या मधल्या काळात जन्मला, वाढला, कॉलेजात गेला.

म्हणून सांगतो, पैसे मी लावणार नाही. आशा लावेन, तिला बदलशुल्क नसतं. तुम्ही बदलता येणारंच तिकीट घ्या, ८ ऑक्टोबरच्या आसपासचं. आणि आईंना घटाला पोचवा हो! देवीशी वैर घेऊन कोणता संघ जिंकलाय?

बाबांना एप्रिल-मेमध्ये नेण्याची घाई करू नका. मैदानाचं छप्पर नुसतं छत्रीसारखं वर येतं, बाजू उघड्याच राहतात. समुद्रावरचा गार वारा अंगात शिरतो आणि चेंडूही लांब जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये न्या. लाइट रेलने स्टेडियम स्टेशनला उतरा, पार्किंगच्या फंदात पडू नका. आत भाजलेले नाकतोडे विकायला असतात, आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या पुढचं काही खाणार नाहीत. लसणीचे फ्राइज मात्र घ्याच.

सकाळचा_चहा:

पुण्याहून लिहितोय. घटस्थापनेला घरी गेल्याने बाबांचं काय बिघडतं? सिएटलची संध्याकाळची ६:४० ची मॅच म्हणजे इथे सकाळी ७:१०. मी गेल्या वर्षी पूर्ण ऑक्टोबर असाच काढला, ऑफिसात मात्र डोळे मिटायचे.

टोरांटोकर:

धाग्यात आमचं नाव निघालं म्हणून आलो. तुम्हाला सातव्या सामन्याचं दुःख आहे ना? आम्ही तुम्हाला हरवून वर्ल्ड सिरीजला गेलो आणि तिथे सातव्या सामन्यात ११ इनिंग खेळून लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ५-४ ने हरलो. आमच्याकडे तर स्प्रिंगरच्या होमरनची आठवणही आता नीट साजरी करता येत नाही. बाकी, मुन्योसला का आणलं नाही हे आम्हालाही कळलं नव्हतं. आम्ही फक्त आभार मानले.

पावसाळी_बॉथेल:

सगळ्यांचे आभार, टोरांटोकरांचे थोडे कमी. ८ ऑक्टोबरचं, बदलता येणारं तिकीट बघतोय. आईला "बदलता येणारं" हा भाग अजून सांगितलेला नाही. बाबांना आकडेमोड यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर त्यांनी वहीत पाचही पिचरांची नावं लिहून घेतली. आता रोज सकाळी विचारतात, किर्बीचा खांदा कसा आहे?

जखमींची यादी रोजच्या रोज एका जागी मिळते का कुठे? दुवा असेल तर द्या, म्हणजे मला रोज उत्तर द्यावं लागणार नाही.